पोटासाठी काम, पण जगणं कशासाठी?

रविवारी सकाळची वंदना झाली की आम्ही विहाराच्या ओट्यावर टेबल मांडतो. बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्या, वजनकाटा आणि एक जाड वही. वस्तीतले लोक येतात, हात पुढे करतात. आम्ही आकडे लिहितो, चार गोष्टी सांगतो आणि गरज असेल त्याला दवाखान्यात पाठवतो. वर्षानुवर्षं हे असंच चालू आहे.

गेल्या पावसाळ्यात एक ताई आल्या. वय बेचाळीस. ठाण्यात एका मोठ्या इमारतीत हाउसकीपिंगचं काम करतात. पहाटे साडेचारला उठायचं, पाणी भरायचं, तीन डबे करायचे, कल्याणहून गाडी पकडायची, दिवसभर पोछा मारायचा, रात्री घरी येऊन पुन्हा चुलीसमोर. "सिस्टर, अंग दुखतं. झोप लागत नाही. कशात मनच लागत नाही," म्हणाल्या. बीपी ठीक, शुगर ठीक. डोळ्यांच्या आत पांढरं दिसलं म्हणून रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि वर आम्ही त्यांना "आराम करत जा" असंही सांगितलं. असा दिवस असलेल्या बाईला आराम करा म्हणणं म्हणजे काय, ते तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. गोळ्या नेमाने घेतल्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, ताकद आली. पण उठून करायचं काय, तर तेच. कशासाठी चाललंय हे सगळं, तेच कळत नाही."

या प्रश्नाला आमच्या वहीत रकाना नव्हता. त्यानंतर आम्ही मुद्दाम विचारू लागलो, तेव्हा कळलं की हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. स्पर्धा परीक्षेत दोनदा नापास होऊन आता घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा, कारखाना बंद पडल्यावर ओट्यावर बसून राहिलेले काका, मुलं मोठी झाल्यावर "आता माझं काय काम" म्हणणारी आई, सगळे याच प्रश्नापाशी येऊन थांबलेले आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. जगण्याला कारण असणं ही केवळ प्रवचनाची गोष्ट नाही, तिचा आरोग्याशी सरळ संबंध आहे.

आधी शरीर तपासा

कुणी "मन लागत नाही" म्हटलं की लगेच "विचार जास्त करू नकोस" असं सांगू नका. काही वेळा मन लागत नाही त्याचं कारण रक्तात असतं.

रक्त कमी असेल तर दम लागतो, चिडचिड होते, उत्साह राहत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा खाली आणि पुरुषाचं १३ पेक्षा खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. थायरॉइड मंदावला तरी सुस्ती येते, वजन वाढतं, रडू येतं. वाढलेली शुगर, बी-१२ ची कमतरता, अंगात मुरलेला टीबी हेही माणसाला आतून थकवतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं असेल तर थुंकी तपासून घ्याच.

दुसरी गोष्ट झोपेची. पहिल्या गाडीने जाणारा आणि शेवटच्या गाडीने येणारा माणूस पाच तास झोपत असेल, तर त्याला जगण्यात रस वाटत नाही यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्या वस्तीत बारा तासांची ड्युटी करणारे सुरक्षारक्षक आठवड्यातून सहा दिवस, कधी सातही दिवस उभे असतात. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा आधी तपासणी करून घ्या. ती नीट असूनही रितेपण जात नसेल, तर पुढचं वाचा.

काम गेलं की काय काय जातं

कल्याणजवळ मोहने-आंबिवलीत नॅशनल रेयॉनचा मोठा कारखाना होता. २००९ साली तो बंद पडला आणि हजारो कामगार घरी बसले. त्या भागात फिरताना जुने कामगार भेटतात. पगार गेला, देणी अडकली, हे तर ते सांगतातच. पण थोडा वेळ बसलं की दुसरंही बोलतात. भोंग्यावर दिवस चालायचा, तो भोंगा गेला. पाळीतले सोबती गेले. "मी अमुक खात्यातला" ही ओळख गेली. एक काका म्हणाले होते, "पहिले सहा महिने मी सकाळी तयार होऊन बसायचो."

अशीच गोष्ट ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावाची. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. काही अभ्यासकांनी तिथे राहून पाहणी केली. त्यांत मारी याहोडा ही तरुण संशोधक होती. १९३३ साली त्यांचं पुस्तक आलं. लोकांना अंदाज होता की रिकामा वेळ मिळाल्यावर माणसं वाचतील, संघटना बांधतील. झालं उलटंच. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, मधेच थांबू लागले, घड्याळ वापरेनासे झाले. बायकांची चाल मात्र तशी मंदावली नाही, कारण घरचं काम त्यांना सुटलं नव्हतं. याहोडांनी पुढे यावरून मांडलं की नोकरी माणसाला फक्त पैसा देत नाही. दिवसाला आकार, चार माणसांची सोबत, समाजात ओळख, हातांना चाळा आणि आपण सगळे मिळून काहीतरी करतो आहोत ही भावना, हे सगळं नोकरीतून मिळतं. काम गेलं की हे सगळं एकदम जातं.

जपानमध्ये ओसाकी भागात ४० ते ७९ वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांची सात वर्षं नोंद ठेवली. त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता, तुमच्या जगण्यात जगावंसं वाटण्याजोगं काही आहे का? २००८ साली निष्कर्ष छापून आले. "नाही" म्हणणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, विशेषतः हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांमुळे. आता, आजारी आणि बेकार माणूस "नाही" म्हणण्याची शक्यता आधीच जास्त, हे खरं. अभ्यासकांनी वय, आजार, व्यसन अशा गोष्टी हिशेबात धरल्या, तरीही फरक उरला. एवढ्यावरून "कारण सापडलं की आयुष्य वाढतं" असं छातीठोक सांगता येणार नाही. पण ज्याला उद्याची वाट बघायला काहीतरी असतं तो गोळी वेळेवर घेतो, तपासणीला येतो, दारूपासून लांब राहतो, हे आम्ही ओट्यावर रोज बघतो.

बाबासाहेबांनी हे १९३६ सालीच सांगितलं होतं

कामात मन असणं, कामातून समाधान मिळणं ही आजकालची शहरी चैन आहे असं काहींना वाटतं. 'जातिनिर्मूलन' हे बाबासाहेबांचं १९३६ सालचं भाषण काढून बघा. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी असल्याचं समर्थन लोक करतात. त्यावर बाबासाहेबांचं म्हणणं असं की ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे. तिच्यात माणसाच्या आवडीला, कुवतीला जागा नाही. जन्माने काम ठरतं. पुढे ते सांगतात की गरिबी आणि कष्ट हे तर दुःख आहेच, पण ज्या कामाची ओढच वाटत नाही ते आयुष्यभर करावं लागणं हे त्याहून मोठं दुःख. अशा कामाबद्दल माणसाला नावड वाटते, ते टाळावंसं वाटतं. मन आणि बुद्धी दोन्ही नसतील तिथे काम चांगलं होणार कसं, हा त्यांचा सवाल होता.

म्हणजे "मला या कामात समाधान नाही" असं आपली ताई म्हणते तेव्हा ती लाडात बोलत नसते. आपल्या पिढ्यान्पिढ्यांना जे विचारलंच गेलं नाही, ते ती पहिल्यांदा विचारते आहे.

एक सापळा ओळखा

आता एक धोक्याची सूचना. कामात आनंद शोधा, असं सांगणारे खूप आहेत. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांचा एक अभ्यास या विषयावरच्या व्याख्यानांत हमखास सांगितला जातो. काही कामगार स्वतःला फक्त झाडूपोछावाले समजत होते. काही मात्र रुग्णाशी दोन शब्द बोलायचे, नातेवाइकांना वाट दाखवायचे, आपण रुग्ण बरा करण्याच्या कामातले भागीदार आहोत असं मानायचे. दुसऱ्या गटाला काम जास्त समाधानाचं वाटत होतं.

यात तथ्य आहे. आमच्यातल्या काहींनी वॉर्डात वर्षानुवर्षं ड्युटी केली आहे. रात्री तीन वाजता घाबरलेल्या म्हातारीचा हात धरून बसणारी मावशी आम्ही पाहिली आहे. ती मावशी नसती तर निम्मा वॉर्ड कोसळला असता.

पण हीच गोष्ट आपल्या देशात सांगताना जपून सांगावी लागते. कारण इथे झाडू कुणाच्या हातात आहे हे आवडीनं ठरलेलं नाही. सफाई ही पवित्र सेवा आहे, तिच्यात धन्यता माना, हा उपदेश आपल्या लोकांनी ऐकलेला आहे, आणि बाबासाहेबांनी त्यावर कठोर टीका केली होती. मोजे न देता, सुट्टी न देता, कंत्राटी पगारावर राबवून घ्यायचं आणि वर कामात अर्थ शोध म्हणायचं, ही फसवणूक आहे.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता, कुणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. आम्ही परिचारिका हा प्रसंग विसरू शकत नाही. घाण काढण्याचं काम हलकं नसतं. ते काम एकाच समाजाच्या माथी मारणं हलकं असतं.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची गोष्टही आहे. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी प्रवचनाला आला. तथागत त्याच्यासाठी थांबले, आधी त्याला जेवू घातलं आणि मग धम्म सांगितला. भुकेल्याला उपदेश देऊन उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच्या काळात, १९४६ साली, कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा झाला. क्रम तोच आहे, आधी शरीराची सोय, मग मनाची.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा

आमचं सांगणं एवढंच आहे. "माझं काम मानाचं आहे का?" हा एक प्रश्न. "मी कशासाठी जगतो?" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर लढून मिळवायचं असतं, दुसऱ्याचं शोधून. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला की माणूस खचतो. दुसऱ्याचं समाधान पहिल्यावर पांघरलं की माणूस गुलाम राहतो.

पहिल्या प्रश्नासाठी या आठवड्यात एवढं बघा. पगाराची पावती मिळते का? महिना २१ हजारांपर्यंत पगार असेल आणि तुमच्या आस्थापनेला राज्य कामगार विम्याचा कायदा लागू असेल, तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के भरले जायला हवेत. त्या कार्डावर वागळे इस्टेट आणि उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयांत घरच्यांवरही उपचार होतात. आजारपणाची भरपगारी नसली तरी काही भत्ता मिळतो. मोजे, बूट, मास्क मागा, आणि एकट्याने मागू नका, पाच जणांनी मिळून मागा. गटारात किंवा टाकीत उतरायला कुणी सांगितलं तर उतरू नका. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. तुमच्या जिवापेक्षा ती दिवसाची मजुरी मोठी नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी आपल्याच माणसांकडे बघू.

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटंसं दुकान चालवायच्या. सामान बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवायच्या. असं अनेक वर्षं चाललं. १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तक झालं, पुढे त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. त्यांनी वंचित मुलांसाठी आश्रमशाळाही उभी केली. दुकान हे त्यांचं पोट होतं. लिहिणं हे कारण होतं. एकाने दुसऱ्याला सांभाळलं.

आपल्या कल्याणचं उदाहरण म्हणजे कल्पना सरोज. अकोला जिल्ह्यातल्या पोलीस शिपायाची मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडीत सासरचा छळ. वडिलांनी परत नेलं तर गावाची बोलणी. जीव नकोसा झाला होता, हे त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलं आहे. त्या वाचल्या, पुन्हा मुंबईला आल्या, शिवणकामाच्या कारखान्यात रोजावर लागल्या, पुढे कुटुंबासह कल्याणला राहिल्या. उपचाराला पैसे नसल्यामुळे बहीण गेली. त्यानंतर सरकारी कर्ज काढून त्यांनी धंदा सुरू केला आणि आपल्यासारख्याच बेरोजगारांना कर्जाच्या योजनांची माहिती देण्यासाठी संघटना काढली. बुडालेल्या कमानी ट्यूब्सच्या कामगारांनी त्यांच्याकडे धाव घेतली ती पुढची गोष्ट. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट वस्तीत सांगितली की मुलं म्हणतात, "आम्ही थोडेच कंपनी घेणार?" बरोबर आहे. म्हणून आम्ही पद्मश्रीपाशी न थांबता त्या बेरोजगारांच्या संघटनेपाशी थांबतो. आपल्याला जे सोसावं लागलं ते दुसऱ्याला सोसावं लागू नये, एवढं एक कारण त्यांना सापडलं. ते सापडायला कारखाना लागत नाही.

घरच्या घरी शोध कसा घ्यायचा

आम्ही बायकांच्या आणि तरुणांच्या बैठकीत हे करून घेतो. एक वही घ्या. लिहिता येत नसेल तर मुलीला लिहायला सांगा.

पहिलं: गेल्या महिन्यात कुठल्या वेळी घड्याळाकडे लक्ष गेलं नाही? कुणाला भजनाच्या तालमीत, कुणाला शेजारणीच्या बाळाला मालिश करताना, कुणाला मोबाइल दुरुस्त करताना. तिथे आवड आहे.

दुसरं: लोक तुमच्याकडे काय मागायला येतात? अर्ज लिहून, भांडण सोडवून, इंजेक्शनला सोबत म्हणून? तिथे तुमची कुवत आहे.

तिसरं: काय बघितलं की जीव तळमळतो? शाळा सोडलेली पोर, नळावरची मारामारी, दारू पिऊन पडलेला भाऊ? तिथे तुमचं कारण आहे.

या तिन्हीतून आठवड्याला दोन तासांचं एकच काम निवडा. दोनच तास. दिवस आणि वेळ ठरवा आणि एकट्याने करू नका. वस्तीच्या अभ्यासिकेत पाचवीच्या मुलांना गणित शिकवणं, म्हाताऱ्यांना तपासणीला नेणं, विहारात वर्षावासात ग्रंथवाचन. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी एकत्र बसणाऱ्या बायकांना आम्ही बघतो. ठरलेली वेळ, सोबत, ओळख आणि एकत्र काम. मारिएनथालच्या लोकांचं जे हरवलं होतं, ते सगळं त्या तासाभरात असतं.

परीक्षा देणाऱ्या मुलांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. पद आणि कारण एक नव्हे. अधिकारी होणं हे पद. "माझ्या वस्तीतलं काम अडू नये" हे कारण. पद दोन मार्कांनी जाऊ शकतं, कारण जात नाही. किती वर्षं प्रयत्न करायचा ते आधीच ठरवा, सोबत एखादं कौशल्य किंवा मुक्त विद्यापीठाची पदवी चालू ठेवा. आणि पालकांनो, "शेजारच्याचा लागला, तुझं काय?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्या वाक्यानं किती मुलं गप्प झाली आहेत, ते आम्ही जाणतो.

निवृत्त किंवा बेकार झालेल्या पुरुषांनी सकाळचा एक तास तरी बांधून घ्यावा. रिकामी सकाळ दुपारपर्यंत गुत्त्यावर पोचते.

घरातल्यांसाठीही एक गोष्ट. बाईला दोन तास मिळायचे तर ते कुठून तरी काढावे लागतील. भांडी मुलाने घासावीत, पाणी नवऱ्याने भरावं. आईने सगळ्यांसाठी झिजावं, हेच तिचं जीवन, असं म्हणणं हाही तो मघाचाच सापळा आहे.

कार्यकर्त्यांनो, तुम्हीही

ज्यांना कारण सापडलं आहे तेही आजारी पडतात. सभा, मोर्चे, जयंतीची वर्गणी, रात्रीची जागरणं, घरी भांडण. मग एक दिवस सगळ्याचा वीट येतो. कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणाऱ्या अशा थकव्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. आपण समाजासाठी राबतो तेव्हाही ती येते.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांचं दुखणं होतं, दृष्टी कमी होत होती. तशा अवस्थेत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पूर्ण केला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यांच्या कष्टांपुढे आपण नतमस्तक होतो. पण साखर वाढलेली असताना औषध चुकवणं म्हणजे बाबासाहेबांच्या वाटेनं जाणं नव्हे. मधल्या मार्गात शरीराची काळजीही येते. आठवड्यातला एक दिवस घरच्यांचा ठेवा, आणि काम दोघांत वाटून घ्या.

हे केव्हा आजार समजायचं

सतत दोन आठवडे किंवा जास्त काळ उदास वाटणं, आवडत्या गोष्टीतही रस नसणं, झोप किंवा भूक एकदम कमी-जास्त होणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, कामावर जाणंच अशक्य होणं. यातलं बरंचसं एकत्र दिसत असेल तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा "उद्देश शोध" सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला पळ म्हणणं आहे. नैराश्याला उपचार आहेत. समुपदेशन आहे, गोळ्या आहेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मधेच सोडू नयेत. अंगारे-धुपारे, बाहेरचं काही, यांत वेळ घालवू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे सांगावं लागू नये, पण लागतं.

टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, फोन नंबर १४४१६. रात्री-अपरात्री, मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष भेटायचं तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. तिथे बाह्यरुग्ण विभागात जाऊन, औषध घेऊन माणसं घरी येतात. तिथे जाणारा प्रत्येक माणूस "वेडा" नसतो.

आणि कुणी "मी नसलेलंच बरं" असं बोललं तर ते नाटक समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. धोक्याच्या वस्तू दूर ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या.

त्या ताईंचं काय झालं

लोक विचारतात म्हणून सांगतो. नोकरी तीच आहे. गुडघेही दुखतात. पण आठ जणींनी मिळून सुपरवायझरकडे मोजे आणि बसायला जागा मागितली. मोजे मिळाले, जागेचं अजून भांडण चालू आहे. दुसरं म्हणजे, आम्ही विचारलं तेव्हा कळलं की ताई सातवीत चित्रकलेत पहिल्या आल्या होत्या. आता रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत त्या पंधरा-वीस मुलांना चित्रं काढायला शिकवतात. मुलं त्यांना "टीचर" म्हणतात. झोप? पूर्वीपेक्षा बरी.

आमच्या वहीत आता एक जास्तीचा रकाना आहे. बीपी, शुगर, वजन, आणि शेवटी, "या आठवड्यात कशाची वाट बघताय?" काही जण हसतात, काही रडतात, काही म्हणतात "सांगते पुढच्या रविवारी."

तुमच्या घरात आज रात्री जेवताना हा प्रश्न एकमेकांना विचारा. आईला सगळ्यात आधी विचारा. तिला आजवर बहुतेक कुणी विचारलेलं नसेल.

नमो बुद्धाय. जय भीम.